धानोऱ्याच्या रस्त्यावर: मेंढा-लेखा आणि मोहगाव

गडचिरोली सोडून बस धानोऱ्याकडे वळली की थोड्याच वेळात जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यालगत येतं. मार्च संपत आला होता, मोहाचे दिवस. झाडांखाली टोपल्या घेऊन वाकलेली माणसं खिडकीतून दिसत होती आणि त्यांच्यात शाळेच्या वयाची पोरंही बरीच होती. शेजारी बसलेले गुरुजी म्हणाले, "या दिवसांत आमचा अर्धा वर्ग जंगलात असते." दिवाळीला, उन्हाळ्याला सुट्टी ठरलेली. ज्या फुलांवर घराचे पुढचे काही महिने निघतात, त्या मोहासाठी सुट्टी ठेवावी असं वेळापत्रक करणाऱ्या कुणालाच सुचलं नसावं.

मेंढा आणि लेखा ही शेजारशेजारची गावं, त्यामुळे नाव जोडूनच घेतात. वनहक्क कायद्याखाली 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी इथे येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. या गोष्टी पेपरांत पुष्कळ येऊन गेल्या आहेत. मला बघायचा होता तो त्यामागचा अभ्यासगट.

रीत साधी आहे. ज्याला एखाद्या विषयात रस आहे तो येऊन बसतो. वकील, प्राध्यापक, सरकारी साहेब, बाहेरचा कुणीही बसू शकतो. मात्र अभ्यासगटात निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेचा, तोही मतदानाने नाही, सर्वसहमतीने. दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांनी गावाबरोबर बसून ही पद्धत रुजवली. वनकायदे असेच वाचले गेले. मधाचंही तसंच. पूर्वी आग्या मोहोळ जाळून मध काढत. गावाने बाहेरच्या जाणकारांना सोबत घेऊन माशांचा अभ्यास केला आणि पोळं न जाळता फक्त मधाचा भाग कापून घेण्याची पद्धत बसवली. विद्यापीठात याला सहभागी संशोधन म्हणतील आणि त्यावर परिसंवाद भरवतील.

एका काकांच्या अंगणात बसलो होतो. संशोधक येतात का, असं विचारलं. "येतेत ना. पोरंपोरी येतेत, फारम भरून नेतेत. डॉक्टर होतेत म्हनते. आमाले कागुद बी दिसत नाई." मग हसून विचारलं, "तुमी कायले आले भाऊ?" प्रवासवर्णन लिहायला, असं सांगितल्यावर त्यांना ते काम फारसं जोखमीचं वाटलं नाही.

ही तक्रार नवी नाही. पलीकडे बस्तरात मानववंशशास्त्रज्ञ वेरियर एल्विन यांनी मुरिया आदिवासींच्या घोटुलावर, म्हणजे गावातल्या तरुण मुलामुलींच्या सामाईक घरावर, जाडजूड ग्रंथ लिहिला, 1947 साली. एल्विन त्या लोकांत राहिले होते, त्यांना माया होती. पण त्यानंतर बाहेरच्या वाचकाने घोटुल म्हटलं की तरुण मुलामुलींचं रात्रीचं एकत्र राहणं तेवढंच उचललं, आणि तिथे पोरांना कामाची, गाण्यांची, वागण्याची रीत लागते हे मागे पडलं. मेंढ्याने घोटुल पुन्हा बांधला तेव्हा सागाच्या लाकडावरून वनखात्याने तो पाडला. गावाने परत उभा केला. ग्रंथांत मला या भांडणाएवढी जिवंत माहिती क्वचितच सापडली आहे.

याच धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा काढली. नाव 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल'. 2022 मध्ये मान्यता नाही म्हणून शिक्षण विभागाची नोटीस आली, दंडाची भाषा झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. गंमत बघा, शिक्षण हक्क कायद्याचं कलम 18 मान्यतेशिवाय शाळा नको म्हणतं आणि त्याच कायद्याचं कलम 29 शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतं. घटनेच्या 350 अ मध्येही प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं आहे. गोंडी बोलणारे 2011 च्या जनगणनेत 29 लाखांहून अधिक, तरी घटनेने मान्य केलेल्या भाषांच्या यादीत, आठव्या अनुसूचीत, ती नाही.

धानोऱ्यात चहाच्या टपरीवर हा विषय काढला तर दोन तट पडले. "गोंडी शिकून नोकरी कुठं भेटते?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "मराठी शाळेत पोरगं दोन वर्ष मुकं बसते, त्याचं काय?" पहिल्याच्या प्रश्नाला हसण्यासारखं काही नाही. दहावीचा पेपर मराठीत येतो आणि पोलीस भरतीचाही. पण मला दुसऱ्याचं जास्त पटलं. आधी समजेल अशा भाषेत वाचायला लागलेलं पोर पुढे मराठी उचलतंच. वर्गात गप्प बसलेलं पोर मात्र बहुधा चौथीनंतर दिसत नाही.

जायचं असेल तर गडचिरोलीहून धानोरा-मुरूमगावकडच्या बस आहेत, मेंढा-लेखा वाटेतच लागतं. ग्रामसभेला आधी कळवा, काय विचारायचं आहे तेही सांगा. मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत सकाळी घरी कुणी सापडत नाही, तेव्हा दुपारनंतरच गाठा. आणि काही लिहिलंत तर त्याची एक प्रत मराठीत गावाला पाठवा. मी या लेखाची छापून टपालाने पाठवतो आहे.