बारा पॉइंटांतला उमेदवार

निवडणूक लागली की आमच्या पेपरातलं जाहीर सूचनांचं पान भरगच्च होतं. एरवी तिथे नावात बदल, वारस नोंद, हरवलेली मूळ कागदपत्रं, नगरपालिकेच्या निविदा असला माल असतो. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की त्यात उमेदवारांच्या चौकटी येऊन पडतात. नमुना सी-१. आपल्यावर कुठल्या कोर्टात, कुठल्या कलमाखाली खटला आहे ते उमेदवाराने स्वतःच्या खर्चाने छापायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर हे सुरू झालं. मतदानाआधी तीनदा छापायचं आणि निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे अक्षर किमान १२ पॉइंटांचं ठेवायचं. मी सोलापुरात एका पेपरात पानं लावते, त्यामुळे या चौकटी माझ्या हाताखालून जातात.

१२ पॉइंट ऐकायला ऐसपैस वाटतं. इंग्रजीत ते दिसतंही बऱ्यापैकी. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार यांना जागा देता देता मधलं अक्षर आक्रसतं. शिवाय जाहिरात कॉलम सेंटिमीटरवर मोजली जाते, तेव्हा उमेदवाराचा माणूस एक सेंटिमीटर जास्त घेत नाही. मजकूर योग्य जागी असावा असंही आयोगाने म्हटलंय. ती योग्य जागा म्हणजे बहुतेक वेळा आतलं पान, खालचा कोपरा.

आमच्या गल्लीतल्या काकू पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. सुरुवात निधनवार्तांपासून, पण सोडत काही नाहीत. गेल्या निवडणुकीत त्यांनी मला जिन्यातच गाठलं. ‘‘अगं, या माणसावर १४३, १४७, ३४१ लागलंय. म्हणजे नक्की केलं काय त्याने?’’ बेकायदा जमाव, दंगा, वाट अडवणं, असं मी सांगितलं. ‘‘म्हणजे रास्ता रोको! मग तो तर आपल्या पाण्यासाठीच बसला असेल.’’ शेजारच्या चौकटीत ४२० होतं. त्या आकड्याचा अर्थ मात्र काकूंना पाठ होता. दोन्ही चौकटी एकाच मापाच्या, एकाच टाइपात. आंदोलनात बसलेला आणि लोकांचे पैसे बुडवल्याचा आरोप असलेला, कागदावर सारखेच ‘गुन्हेगारी पार्श्वभूमीचे’. त्यात २०२४ च्या जुलैपासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, म्हणजे नव्या खटल्यांना नवे आकडे.

म्हणूनच रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञ बाईंचं काम हाती लागलं तेव्हा मी ते नोकरीच्या नजरेने वाचलं. त्यांनी अभिजित बॅनर्जी, सेल्वन कुमार आणि फेलिक्स सू यांच्याबरोबर २००८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत एक प्रयोग केला होता. सतर्क नागरिक संगठन या दिल्लीतल्या स्वयंसेवी संस्थेने माहिती अधिकारात आमदारांची माहिती काढली. निधी कशावर खर्च केला, सभागृहात आणि समित्यांच्या बैठकांना हजेरी किती, हे सगळं. त्याचं प्रगतिपुस्तक केलं आणि सोबत मुख्य प्रतिस्पर्ध्यांचं शिक्षण, मालमत्ता, खटले दिले. ते छापलं कुठे, तर ‘हिंदुस्तान’ या हिंदी दैनिकात. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या झोपडवस्त्यांमध्ये तो अंक फुकट वाटला, त्याचं जाहीर वाचनही केलं. बाकीच्या वस्त्या तुलनेसाठी तशाच ठेवल्या.

अंक पोचलेल्या वस्त्यांत मतदानाची टक्केवारी साधारण दोन अंकांनी वाढली, पैसे वाटण्याचं प्रमाण घटलं आणि काम केलेल्या आमदारांना मतं जास्त पडली. म्हणजे कामसू आमदाराचा फायदाच झाला. आपल्याकडे ‘लोकांना माहिती द्या’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘कुणाचं तरी वाईट सांगा’ असा घेतला जातो, म्हणून हे मला विशेष वाटलं.

पानं लावणारी म्हणून माझं लक्ष त्या मांडणीवरच खिळलं. माणसं शेजारी शेजारी होती, सुट्या चौकटींत विखुरलेली नव्हती. निधी रस्त्यावर गेला की गटारावर, हे वस्तीतल्या बाईला दारात उभं राहून ताडून बघता येतं, कलमांचे आकडे तसे ताडता येत नाहीत. आणि ते मोठ्याने वाचलं गेलं. आपण ऐकलं ते शेजारणीनेही ऐकलंय हे माहीत असणं आणि एकटीने वाचून पेपर रद्दीत टाकणं यात फार फरक आहे.

इथवर वाचून मी खूश झाले होते, पण पुढचं वाचावं लागलंच. बेनिन, ब्राझील, बुर्किना फासो, मेक्सिको, युगांडा अशा देशांत संशोधकांच्या वेगवेगळ्या चमूंनी आधीच एक आराखडा ठरवून असेच प्रयोग केले. २०१९ मध्ये सगळ्यांचा हिशेब एकत्र मांडला तेव्हा मतांवरचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. लोकांनी माहिती घेतली आणि मत द्यायचं तिथेच दिलं. या प्रयोगांचा भर एकेका मतदाराला वेगवेगळी माहिती देण्यावर होता, आणि घोडं तिथेच अडलं असावं असा माझा अंदाज आहे. तो संशोधकांच्या नावावर खपवू नका.

बिहारमधून आलेले दोन अभ्यास तर शेजारी शेजारी ठेवूनच वाचावेत. सुमित्रा बद्रीनाथन या राज्यशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत गया जिल्ह्यात १,२२४ जणांबरोबर काम केलं. त्यातल्या काहींच्या घरी जाऊन तासभर बसून खोटी बातमी कशी ओळखायची, फोटो कसा तपासायचा हे शिकवलं. नंतर तपासलं तर एकूण परिणाम जवळपास काहीच नाही. उलट भाजपच्या बाजूच्या लोकांना आपल्या पक्षाच्या सोयीची खोटी बातमी ओळखणं शिकवणीनंतर आणखी जड गेलं. पक्ष कुठलाही असो, आमच्या पेपरात येणारी वाचकांची पत्रं वाचली तर यात धक्का बसण्यासारखं काही नाही. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बिहारमध्येच आठवी ते बारावीच्या १३,५०० वर मुलांना गावच्या वाचनालयात वर्ग भरवून काही आठवडे हेच शिकवलं. तिथे फरक पडला, महिन्यांनंतरही टिकला आणि मुलांच्या आईवडिलांपर्यंत पोचला. राज्य तेच, विषयही जवळपास तोच. एकीकडे तासाभराचा पाहुणा आणि दुसरीकडे नेमाने भरणारा वर्ग.

‘लोकांना काही कळत नाही’ हे वाक्य आमच्या ऑफिसात दर निकालाला कुणीतरी म्हणतं, बहुधा ज्याचा अंदाज चुकलेला असतो तो. त्याला अमेरिकेचं उदाहरण द्यावंसं वाटतं. मायकेल डेली कार्पिनी आणि स्कॉट कीटर या राज्यशास्त्रज्ञांनी तिथल्या जवळपास पन्नास वर्षांच्या पाहण्या चाळल्या आणि १९९६ साली लिहिलं की शिक्षण एवढं वाढूनही लोकांची राजकीय माहिती सरासरीने फारशी वाढलेली नाही. माहिती असते ती शिकलेल्या, पैसेवाल्या, आधीच रस असलेल्यांकडे. आणि अँथनी डाऊन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच हिशेब मांडला होता की एका मताने निकाल बदलण्याची शक्यता इतकी कमी असते, की त्यासाठी वेळ खर्च न करणारा मतदार मूर्ख ठरत नाही. ज्या बाईला सकाळी नळाला पाणी येईपर्यंत जागं राहायचंय, तिने खालच्या कोपऱ्यातली चौकट भिंग लावून वाचावी ही अपेक्षा मला तरी उद्धट वाटते.

बातमी विभागात मी हा विषय काढला. सी-१ च्या चौकटी त्या त्या उमेदवाराच्या पैशाच्या, त्यांना हलवता येणार नाही, ते कबूल. पण प्रत्येक उमेदवाराचं नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या साइटवर असतं. ते उघडून पाहा. पानच्या पानं स्कॅन केलेली असतात, काही तिरकी, काहींवर नोटरीचा शिक्का नेमका आकड्यावर. त्यातून एका मतदारसंघाचा तरी एकच तक्ता करू या. नाव, शिक्षण, मालमत्ता, खटला आणि खटल्यापुढे त्याचा साध्या मराठीत अर्थ. जाहिरातवाले म्हणाले, याचे पैसे कोण देणार? उमेदवारांची माणसं फोन करतील ते वेगळंच, असं एका वार्ताहराने सांगितलं. उपसंपादकाची अडचण खरी होती. कलमाचा अर्थ लिहिताना एक शब्द चुकला तर नोटीस पेपरला येते, कलमाला नाही.

शेवटी पाच कॉलमी तक्त्याला होकार मिळाला, पान चारवर, वरच्या बाजूला. कलमांचा अर्थ वकिलाकडून तपासून घ्यायचा आणि ज्याच्यावर खटला नाही त्याच्यापुढे रकाना रिकामा न ठेवता ‘नाही’ असं छापायचं. अक्षर मी १४ पॉइंटांचं धरलंय.