पौषात पानं मागणारा माणूस

पुण्यात कुणाकडे फूल मागितलं तर लोक देतात, फळ मागितलं तर जरा विचार करून का होईना पण देतात, पानं मागितली की मात्र वरपासून खालपर्यंत बघतात. "पानं? कशाला?" आणि यावर "घरी काडीकिडे आहेत, त्यांना खायला" हे उत्तर दिलं की समोरची व्यक्ती एकदम आत निघून जाते, एकतर कात्री आणायला नाहीतर दार लावायला.

किडे भाचीचे. ती यंदा बारावीला आहे, ताई म्हणाली घरात एक तर अभ्यास राहील नाहीतर हे, म्हणून पिंजऱ्यासकट ते मामाकडे आले. दिवसभर काडीसारखे पडून राहणार, रात्री दिवे मालवले की खायला सुरुवात. सगळ्या माद्या आहेत, या जातीत नर लागतच नाही, आपल्या आपण अंडी घालत राहतात, त्यामुळे खाणारी तोंडं वाढतच जातात.

पावसाळ्यात काही प्रश्न नव्हता हो, हात लांबवला की गुलाबाचं नाहीतर पेरूचं पान. पंचाईत मार्गशीर्षापासून. आता पुण्यात काही झाडं युरोपसारखी बोडकी होत नाहीत, पेरू तर बारा महिने हिरवा असतो. पण हिरवं असणं वेगळं आणि खाण्यालायक असणं वेगळं. गुलाबाचंच घ्या, ऑक्टोबरात छाटणी होते, नवी फूट येते, छान कोवळी लालसर पानं दिसायला लागतात आणि थंडी पडली की त्यावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी येते, भुरी आली की माळी फवारणी करतो, झालं, पुढे कित्येक दिवस ते पान आमच्यासाठी विषच. म्हणजे एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात गुलाब मिरवत असतात तेव्हाच आमची उपासमार. फुलवाल्याकडच्या गुलाबांचा तर विषयच नको, त्यांच्यावर काय काय मारलेलं असतं ते पाण्याने धुऊन जाणारं नसतं.

राहिला पेरू. पण थंडीत पेरूला फळं धरलेली असतात, त्यामुळे मालक खिडकीतूनच लक्ष ठेवून असतो. तुम्ही शपथेवर सांगा की मला पेरू नकोय, फक्त पानं हवीत, त्याचा विश्वास बसत नाही. शिवाय यावेळी पानं जून, जाड झालेली, मोठ्या किड्यांना चालतात पण नुकत्याच निघालेल्या पिल्लांच्या जबड्याला ती कड फुटत नाही. मग मी रात्रीचं जेवण झालं की कात्री घेऊन प्रत्येक पानाची कड कापत बसतो, कापलेल्या जागेवरून पिल्लं खायला लागतात. बायको म्हणते इतक्या निगुतीने कधी घरात भाजी चिरली नाहीस.

गंमत म्हणजे पानाला आपल्याकडे मान नाही असं अजिबात नाही. गणपतीच्या आधी मंडईत एकवीस प्रकारच्या पत्रींसाठी गर्दी होते, दसऱ्याला आपट्याची अख्खी फांदी गाडीला लटकवून नेतात, महाशिवरात्रीला बेल. त्या त्या दिवशी पान मागायला गेलात तर पुण्य लागतं म्हणून देतील. पौषातल्या एखाद्या साध्या मंगळवारी मागितलं तर वेडा. आणि पहाटे कानटोपी घालून, आकडीची काठी घेऊन दुसऱ्याच्या कंपाउंडमधली जास्वंद देवासाठी ओढणारे आजोबा, त्यांना कुणी काही म्हणत नाही! सोसायटीत 'फुले तोडू नयेत' ही पाटी आहे, पानांबद्दल काहीच लिहिलेलं नाही, पण हा मुद्दा मी सेक्रेटरींसमोर काढणार नाही, नवीन पाटी लागायची.

इंटरनेटवर थंडीसाठी सल्ले भरपूर आहेत, पण सगळे तिकडचे. ब्रॅम्बल, म्हणजे तिकडचं ब्लॅकबेरीचं काटेरी झुडूप, द्या म्हणे, बर्फातही टिकतं, करपलेल्या कडा कापून टाका, नाहीतर आयव्हीचा वेल द्या. आता कोथरूडात ब्रॅम्बल कुठून आणू? राग याचा येतो की जगभरच्या शाळा-प्रयोगशाळांमध्ये पाळतात तो काडीकिडा मूळचा आपल्या कोडाईकनालजवळच्या शेंबगनूरचा, आणि त्याला जेवायला काय घालायचं हे विचारायचं इंग्लंडातल्या लोकांना. आपल्याकडे प्रत्येक बाल्कनीत बारमाही काय असतं तर मनीप्लांट, आणि त्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोचरे स्फटिक, म्हणजे तोही बाद.

तर सध्या असं चाललंय. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंडीतला गुलाब बिनफवारणीचा आहे, त्या देतात, बदल्यात मी त्यांच्या मोबाईलचं बघतो. मिळालेल्या फांद्या धुऊन, ओल्या पेपरात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये मेथीच्या शेजारी, आठवडाभर निघतात. पिंजऱ्यात अरुंद तोंडाच्या बाटलीत पाणी घालून फांदी खोचायची आणि तोंडाला कापूस, नाहीतर पिल्लं आत बुडून मरतात. थंडीत हवा इतकी कोरडी असते की संध्याकाळी पानांवर पाण्याचा फवारा मारावाच लागतो, ते थेंब हेच त्यांचं पिणं. गुलाबावरून पेरूवर आणायचं तर एकदम नाही, दोन्ही फांद्या शेजारी ठेवायच्या आणि वाट बघायची.

अंडी डबीत साठवतोय, बारीक बिया वाटतात, तीन-चार महिने तरी फुटणार नाहीत. कुणाला हवी असतील तर फुकट देईन, फक्त आधी शेजारच्या पेरूवाल्याशी तुमचे संबंध कसे आहेत ते सांगा.