भर दुपारचे सिनेमे

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागला की आमच्या नागपुरात दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, दुकानांची शटरं अर्धी खाली, आकाश निळं नसतंच, नुसतं पांढरं पडलेलं असतं. मी बहुतेक सगळे जुने वेस्टर्न, म्हणजे काउबॉय आणि बंदुकांचे, सिनेमे असल्याच दुपारी बघितलेत, बाबांसोबत, पडदे ओढून, कूलर फुल करून. म्हणून असेल कदाचित, पण मला त्यातली ठो-ठो कधी फार भावली नाही, मला आवडतं ते त्याच्या आधीचं वाट बघणं.

सगळ्यात लाडका म्हणजे १९५२ चा 'हाय नून'. गॅरी कूपर मार्शल, म्हणजे गावचा पोलीस अधिकारी आहे, त्याच दिवशी त्याचं लग्न झालंय, नोकरी सोडून बायकोला घेऊन निघालाय, आणि कळतं की त्यानं पकडून दिलेला गुंड फ्रँक मिलर सुटला आणि बाराच्या गाडीनं येऊन राहिलाय. बस, एवढीच गोष्ट. सिनेमा जेमतेम ८५ मिनिटांचा, आणि पडद्यावरचं घड्याळ जवळपास आपल्या घड्याळासोबतच चालतं, मधूनमधून नुसती घड्याळं दाखवतात आणि आपलीच छाती धडधडायला लागते. मदत मागत मार्शल चर्चमध्ये जातो, तिथे लोक त्याच्याबद्दल चांगलंचुंगलं बोलतात आणि शेवटी सांगतात, तूच गाव सोडून जा. हा सीन मला कुठल्याही गोळीपेक्षा जास्त लागतो, कारण अशा मीटिंगा आपण सगळ्यांनी बघितल्यात. मग तो एकटा रस्त्यावर उभा, आणि कॅमेरा वर वर जातो, आख्खं गाव रिकामं. दिग्दर्शक फ्रेड झिनमन आणि कॅमेरामन फ्लॉइड क्रॉस्बी यांनी आकाश मुद्दाम तसं पांढरंफटक ठेवलं होतं. हे मी खूप नंतर वाचलं, पण पहिल्यांदा बघतानाच वाटलं होतं, अरे हे तर आपलं मे महिन्यातलं आभाळ.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला हा मदत मागत फिरणारा मार्शल अजिबात पटला नव्हता, म्हणून त्यानं जॉन वेनला घेऊन १९५९ मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढला. तोही मस्तच आहे, पण माझं मत गॅरी कूपरच्याच बाजूनं. त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसते आणि तरी तो जात नाही.

आता दिग्दर्शक सर्जिओ लिओनी. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट', १९६८. सुरुवातीची दहाएक मिनिटं तीन गुंड स्टेशनवर गाडीची वाट बघतात आणि जवळजवळ काही बोलतच नाहीत. पवनचक्की करकरते. एकाच्या तोंडावर माशी बसते, तो ती पिस्तुलाच्या नळीत पकडतो आणि कान लावून तिची गुणगुण ऐकतो. दुसऱ्याच्या टोपीवर वरून पाणी टपकतं, टप, टप, तो हलत नाही, साचू देतो आणि शेवटी टोपी काढून तेच पाणी पितो! बाबा रेल्वेत होते, अजनीला कितीतरी वर्षं नोकरी केली, ते म्हणतात उन्हाळ्यातला छोटा स्टेशन असाच असतो, आवाज मोजून चार. एन्यो मॉरिकोनेचं संगीत शूटिंगच्या आधीच तयार होतं आणि लिओनी ते सेटवर वाजवायचा, म्हणून माणसं त्या सुरावर चालल्यासारखी वाटतात. यातल्या शेतावरच्या हत्याकांडानंतर आपल्या 'शोले'तला ठाकूरच्या घरचा सीन परत बघा, तो कुठून आलाय ते लगेच समजेल, आणि यातला नायक माउथ ऑर्गन वाजवतो तेव्हा जयचाही आठवेल.

लिओनीच्याच 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'बद्दल सगळेच लिहितात, मी एवढंच सांगतो की शेवटच्या सामन्याचं ते कब्रस्तान खरं नाही, स्पेनच्या सैनिकांनी शूटिंगसाठी हजारो थडगी रचली होती, आणि तिथे तिघं एकमेकांकडे नुसते बघत उभे राहतात, डोळे, हात, परत डोळे.

जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' (१९५६) मला पूर्ण आवडत नाही, मूळ रहिवाशांना ज्या नजरेनं दाखवलंय ते आज बघवत नाही, पण शेवटची चौकट विसरता येत नाही. घरातले सगळे आत जातात, जॉन वेन उंबऱ्याबाहेर एकटा, एका हातानं दुसऱ्या हाताचा कोपर धरलेला, वळून चालायला लागतो आणि दार बंद होतं.

मागच्या रविवारी 'हाय नून' परत लावला होता. सिनेमातल्या घड्याळात बाराला थोडेच कमी होते आणि लाइन गेली. कूलर थांबला, एकदम शांत, फक्त टाकीत पाणी टपकत होतं. मी म्हटलं बाबा, अंगणात बसू, झाडाखाली तरी बरं वाटेल. ते टीव्हीकडेच बघत होते, काळ्या पडद्याकडे, घामानं बनियन भिजलेलं.

"थांब न," म्हणाले, "गाडी यायची आहे अजून."