आमची वाटचाल : चांदी तीच, गन तीच, पाणी बदललं

आमच्या शेडच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला एक मडगार्ड टांगलेलं आहे. लांबून पाहिलं तर त्यात अख्खी शेड दिसते, छतावरच्या ट्यूबलाइटसकट. जवळ गेलं की डाग दिसतात. प्रत्येक डाग म्हणजे एक फिकट पांढुरकं कडं आणि आत चकचकीत चांदी. थेंब जिथे सुकला तिथे तो असा कडं सोडून गेला. नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी ते मडगार्ड त्याच्या हातात देतो आणि विचारतो, हे कशानं झालं असेल? बहुतेक जण धूळ म्हणतात. एक जण घाम म्हणाला होता. पाणी असं अजून कुणी म्हटलेलं नाही. मलाही ते सुचायला दीड वर्ष लागलं, तेव्हा मी कुणाला हसत नाही.

आम्ही मुळात पेंटवाले. टाक्या, बंपर, कारखान्याची पॅनल, जे येईल ते. हिशेब आणि गिऱ्हाईक माझ्याकडे, स्प्रे गन मामांच्या हातात. मामा माझे सख्खे मामा नव्हेत. शेडमधली सगळी पोरं त्यांना मामा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. स्प्रे क्रोमचं काम सुरू करायचं मी ठरवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "करा. पण ह्यात हात पोळणार." पोळले नाहीत, काळे मात्र झाले. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब कातडीवर पडला की लगेच काही कळत नाही. उजेडात थोडा वेळ गेला की काळपट डाग उमटतो आणि ती कातडी झडेपर्यंत जात नाही. पहिल्या महिन्यात आम्हा दोघांची बोटं मतदान करून आल्यासारखी दिसत होती.

नाव क्रोम असलं तरी ह्या कामात क्रोमियमचा कणही नसतो. थर चांदीचा असतो. आधी चकचकीत बेस कोट मारून तो पक्का वाळू द्यायचा. त्यावर सेन्सिटायझर, म्हणजे स्टॅनस क्लोराइडचं पातळ द्रावण. त्यामुळे पृष्ठभागावर कथिल चिकटतं आणि चांदीला पाय रोवायला जागा मिळते. मग धुणं. मग दोन नोझलची गन: एका नोझलमधून अमोनिया घातलेलं सिल्व्हर नायट्रेट, दुसऱ्यातून रिड्यूसर, म्हणजे त्यातली चांदी मोकळी करणारं द्रावण. दोन्ही पार्टवर भेटतात आणि चांदी तिथल्या तिथे सुटी होऊन बसते. आधी तपकिरी झाक येते, ती गडद होते आणि मग एकाएकी आरसा. पहिल्यांदा हे पाहताना मामा गन सोडायलाच विसरले आणि जास्त मारा झाल्यामुळे तोच आरसा करडा पडला. शेवटी पुन्हा धुणं, हवेनं वाळवणं आणि वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक कोट. यातलं रसायन काही नवं नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये काचेवर चांदीचा आरसा असाच धरवला होता, आणि कॉलेजच्या परीक्षानळीत तोच प्रयोग अजून करतात. आम्ही तो मडगार्डवर करतो, एवढंच.

आता ह्या वर्णनात 'धुणं' हा शब्द किती पटकन येऊन गेला बघा. आम्हीही तो असाच उरकायचो. नळाला पाइप लावायचा आणि खळखळून धुवायचं.

दीड वर्ष आम्ही बाकी सगळं बदललं. आधी दोष गनला दिला, मग नोझलला. कॉम्प्रेसरमधून तेल येतंय म्हणून फिल्टर लावले. बेस कोटची कंपनी बदलली. केमिकलवाल्याशी भांडलो आणि दुसऱ्याकडून माल आणला. शेवटी, लाज वाटते सांगायला, मामांच्या हाताला दोष दिला आणि एका तरुण पेंटरला आणून बसवलं. त्याच्या हातूनही तेच डाग. मामा त्या दिवशी काही बोलले नाहीत, डबा उघडून जेवत बसले. ते न बोलणं मला अजून आठवतं.

खरं तर खूण समोरच होती. नळाला पाणी असलं की पार्ट बरे निघायचे, बोअर चालू केला की रिजेक्शन वाढायचं. पण हे आज कळतं. तेव्हा आम्ही त्याला 'आजचा दिवस खराब' म्हणायचो.

कोडं सोडवलं ते माझ्या बायकोनं. तिचं शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री, पण तिच्या वाट्याला बिलं आणि चलनं आली. एके दिवशी ती सही घ्यायला शेडमध्ये आली तेव्हा मी सिल्व्हरचं द्रावण नळाच्या पाण्यात पातळ करत होतो. पांढरा धूर सोडावा तसं पाणी दुधाळ झालं. मला त्यात विशेष काही वाटत नव्हतं, रोजच व्हायचं. ती म्हणाली, "अहो, ही तर क्लोराइडची टेस्ट. आम्ही प्रॅक्टिकलला हेच करायचो. तुम्ही चांदी बाटलीतच संपवताय आणि उरलेली पार्टवर मारताय." पाण्यातल्या क्षारात क्लोराइड असतं, ते चांदीला धरतं आणि सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका होतो. त्याचे बारीक कण गनमधून जाऊन आरशावर बसतात.

मग तिनं टीडीएस मीटर मागवला, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. बोअरचं पाणी ३०० पीपीएमच्या वर होतं. तिनं चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. ३०० पीपीएम म्हणजे लिटरला ३०० मिलिग्रॅम. मोठा पार्ट धुवायला २० लिटर पाणी लागतं, म्हणजे ६ ग्रॅम क्षार, चमचाभर मीठ. "तुम्ही प्रत्येक बंपरवर चमचाभर मीठ विरघळवून ओतताय आणि वर डाग कुठून आले म्हणून विचारताय." चांदीचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पुष्कळ पातळ असतो. त्यावर सुकलेल्या एका थेंबाचे क्षारसुद्धा डोंगरासारखे दिसणारच.

कथिलाचीही तीच गत. क्षारांचं पाणी घातलं की सेन्सिटायझर ढगाळ व्हायचा, म्हणजे कथिल द्रावणातून बाहेर पडून खाली बसायचं. जे पार्टला चिकटायला हवं ते बाटलीच्या तळाशी. त्या पार्टवर चांदी ठिपक्याठिपक्यांनी धरायची आणि आम्ही म्हणायचो, बेस कोट तेलकट आहे.

सुरुवातीला आम्ही बॅटरीत घालतात त्या पाण्याचे कॅन आणले. फरक पहिल्याच दिवशी दिसला. मामांनी पार्ट उन्हात धरून तिरका करून पाहिला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "झालं." पण कॅनच्या पाण्यावर धंदा चालत नाही. एक तर धुण्याला ते पुरत नाही. दुसरं म्हणजे लेबल तेच असलं तरी प्रत्येक लॉटचं पाणी वेगळं. एकदा नव्या लॉटनं अख्खा दिवस वाया घालवला. तेव्हापासून नियम केला, कॅन असो वा टाकी, आधी मीटर बुडवायचा, मग गन उचलायची. मीटर जवळ नसेल तर ग्लासभर पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. पाणी जराही धुरकट झालं तर काम बंद. मीटरइतकी बारीक नसली तरी ही टेस्ट खोटं बोलत नाही.

मग आम्ही आपली लाइन टाकली. आधी आरओ, त्याच्यापुढे मिक्स्ड बेड रेझिन, म्हणजे क्षारांचे आयन धरणारे बारीक मणी. आरओ क्षारांचा मोठा हिस्सा काढतो, पण शेवटचे १०-२० पीपीएम त्यातून निसटतात. रेझिन ते धरतं: धन आयनांच्या बदल्यात हायड्रोजन देतं, ऋण आयनांच्या बदल्यात हायड्रॉक्सिल, आणि त्या दोघांचं मिळून पाणीच होतं. नळाचं पाणी थेट रेझिनवर सोडलं तरी चालतं, पण रेझिन बघता बघता संपतं. आम्ही पहिले दोन महिने पैसे वाचवायला आरओशिवाय चालवलं आणि जे वाचलं त्याच्या दुप्पट रेझिनवर घातलं.

वाटलं, संपला विषय. पण एका आठवड्यात डाग परत आले, आणि तेही मीटर शून्य दाखवत असताना. हे सगळ्यात वाईट. मीटर चुकीचा असेल म्हणून दुसरा आणला, तोही शून्य. शेवटी रेझिन देणाऱ्या माणसानं सांगितलं ते असं: पेनसारखा टीडीएस मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. सिलिका विरघळलेली असते, पण तिचे आयन जवळजवळ होतच नाहीत, म्हणून ती मीटरला दिसत नाही. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिकाच निसटते. म्हणजे मीटर जागचा हलायच्या आधी डाग सुरू झालेले असतात. त्यानंतर मीटर काय म्हणतो याची वाट न बघता, किती लिटर पाणी गेलं ते वहीत लिहून आम्ही रेझिन बदलतो. आणि पेन मीटर सोडून कंडक्टिव्हिटी मीटर घेतला. तो शून्याच्या आसपासचे बारीक फरक दाखवतो. आमचा आकडा २ मायक्रोसीमेन्सच्या आत (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजायचं हे एकक). ५ झाला की ते पाणी फक्त बेस कोटच्या रबिंगला.

नव्या माणसाला एक सांगून ठेवतो, उघड्या टाकीतलं पाणी १ च्या आसपास गेलं म्हणून घाबरायचं नाही. शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून तेवढं वाढतंच. घाबरायचं ते टाकीच्या भिंतीला हात लावल्यावर बुळबुळीत लागलं तर. डीआय, म्हणजे असं आयन काढून घेतलेलं पाणी, निर्जंतुक नसतं. दोन आठवडे साठून राहिलेल्या टाकीत शेवाळासारखा बुळबुळीत थर धरला होता आणि त्याचे तंतू आमच्या आरशावर येऊन बसले होते. आता टाकी छोटी, झाकणाची, उजेड न शिरणारी, आणि दर आठवड्याला रिकामी. पितळी नळ आणि लोखंडी पाइपही काढून टाकले, कारण इतकं शुद्ध पाणी धातूला चाटत जातं. सकाळचे पहिले काही लिटर बाजूच्या बादलीत सोडतो, कारण रात्रभर रेझिनमध्ये उभ्या राहिलेल्या पाण्याचा आकडा वर गेलेला असतो.

पाणी सुधारलं म्हणून धुण्यात आळस करून चालत नाही. सेन्सिटायझरच्या नावातच क्लोराइड आहे. तो नीट धुतला गेला नाही तर आपणच आपल्या हातानं क्लोराइड चांदीसमोर नेऊन ठेवतो. मामा बघतात ते पाण्याची चादर. पार्ट तिरका धरल्यावर पाणी अखंड सरकलं तर ठीक, कुठे फाटून थेंब झाले तर तिथे तेलाचा हात लागलाय किंवा सेन्सिटायझर पोचलेला नाही.

सांडपाण्यानं वेगळाच धडा दिला. त्यात चांदी असते, ती गटारात सोडायची नाही, म्हणून ड्रममध्ये साठवायला लागलो. वाटलं, मीठ टाकलं की क्लोराइड होऊन खाली बसेल. जे मीठ पार्टवर नडतं ते इथे कामाला येईल. पोतंभर मीठ टाकलं, काही बसेना. बायको म्हणाली, "अमोनिया आहे त्यात. सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळतं. आधी आम्ल घालून अमोनिया मारा." तसं केल्यावर दुसऱ्या दिवशी तळाशी साका. तो सुकवून चांदी गाळणाऱ्याकडे देतो. आणि एक गोष्ट ती दारावर लिहून गेली आहे, ती मात्र कुणी गमतीत घेत नाही: अमोनियाचं सिल्व्हर रात्रभर ठेवायचं नाही. शिळं झालं किंवा सुकलं तर त्यात स्फोट होणारे पदार्थ तयार होऊ शकतात. लागेल तेवढंच सकाळी करायचं, उरलेलं संध्याकाळी पातळ करून आम्लाच्या ड्रममध्ये. गन आणि बाटल्याही तेव्हाच धुवायच्या.

आज महिन्याला दोन-चार पार्ट पुन्हा करावे लागतात, पूर्वी दिवसाला लागायचे. तरी आम्ही सगळी कामं घेत नाही. सायलेन्सरचा पाइप घेऊन कुणी आलं तर त्याला प्लेटिंगवाल्याकडे पाठवतो, कारण आमच्या क्लिअरला ती उष्णता झेपत नाही. ज्याला रोज पेट्रोल पुसायचं आहे त्याला टाकीच्या तोंडाशी क्रोम घेऊ नका म्हणून सांगतो. काही जण रागावून दुसरीकडे जातात. त्यातले काही जण वर्षभरानं सोललेला पार्ट घेऊन परतही येतात.

मामा आता दिवसातून अर्धा वेळच गन धरतात, बाकी वेळ पोरांच्या मागे उभे राहतात. त्या तरुण पेंटरचं प्रकरण आम्ही कधी बोललो नाही. डीआयची बाटली कुणी हात धुवायला घेतली तर शेडभर ऐकू जाईल असे ओरडतात. परवा मात्र मी त्यांनाच पकडलं. चष्मा काढून कोपऱ्यात उभे होते, काचांवर डीआय ओतत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "डाग पडत नाही ना."