डिपॉझिट मिळालं, पण दिलं कोणी?

फ्रीमाँटचं भाड्याचं घर आम्ही २०१७ मध्ये सोडलं. २,४०० डॉलरच्या डिपॉझिटमधला एक सेंटही घरमालकाने परत केला नाही. कारण काय, तर कार्पेटला डाग पडले आणि भिंती रंगवाव्या लागल्या. कॅलिफोर्नियात घर सोडल्यापासून २१ दिवसांत डिपॉझिट तरी परत करावं लागतं, नाहीतर कपातीचा हिशेब तरी द्यावा लागतो. राहून-वापरून होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. हे मी त्याला तीनदा लिहून कळवलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं, "कोर्टात जा."

गेले. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, ५० डॉलर फी भरली. समन्स आपण स्वतः नेऊन द्यायचं नसतं, म्हणून त्यासाठी माणूस लावला. तिथे वकील उभा करता येत नाही, त्यामुळे तो खर्च तरी वाचला.

पंधरा दिवसांनी एका टीव्ही कोर्टाच्या कार्यक्रमाकडून पत्र आलं. ही मंडळी कोर्टात दाखल झालेले दावे चाळत असतात. 'तुम्हाला लॉटरी लागली'छाप फसवणूक असणार म्हणून नवऱ्याने ते पत्र रद्दीत टाकलं. मी काढलं आणि फोन केला.

पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सगळं समजावलं. दावा मागे घ्यायचा आणि करारावर सही करायची. सेटवरच्या न्यायाधीश तिथे लवाद म्हणून बसतात, त्यांचा निर्णय दोघांनाही बंधनकारक. रक्कम ५,००० डॉलरपर्यंत, आणि ती निर्मात्यांच्या निधीतून मिळणार. विमान, हॉटेल, वर थोडं मानधन, तेही दोन्ही पक्षांना.

"म्हणजे तो हरला तरी पैसे देणार नाही?"

"त्यांच्या खिशातून काहीच जात नाही," ती म्हणाली. घरमालकाने आधीच होकार का कळवला होता, ते मला तेव्हा उमगलं.

दोन दिवस घोळ घातला. खरं कोर्ट निकाल देतं, वसुली करून देत नाही. मग त्याचं बँक खातं शोधा, निकालाची वसुली करणाऱ्या शेरीफकडे जा, पुन्हा फी भरा. निकाल दहा वर्षं जिवंत राहतो म्हणे, पण माझ्या मैत्रिणीचा तसला निकाल ड्रॉवरमध्येच पडून होता. मी सही केली.

शूटिंग लॉस एंजेलिसला. कोर्टात बसलेले प्रेक्षक पैसे देऊन आणलेले होते. मागच्या बाकावरचा टाय लावलेला मुलगा एरवी ऑडिशन देत फिरायचा. आपसात बोलल्यासारखं करा, असं त्यांना सांगत होते.

सुनावणी जेमतेम वीस मिनिटं चालली. कार्पेटचा फोटो बघून बाईंनी घरमालकाला विचारलं, "हे किती जुनं?"

"नऊ वर्षं. एकदम उत्तम क्वालिटी!" तो अभिमानाने म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला. "मग त्याची किंमत आता किती उरली, ते तुम्हीच सांगा."

कार्पेटचा विषय तिथेच मिटला. रंगाच्या बाबतीत मात्र माझी पंचाईत झाली. एका भिंतीवर आमच्या चिरंजीवांनी क्रेयॉनने आगगाडी काढली होती, आणि त्या भिंतीचा फोटो घरमालकाने आणला होता. ३०० डॉलर कापले, २,१०० मला. आगगाडी होती सुरेख, तेवढं म्हणते.

परतीच्या विमानात घरमालकही होता. गेटवर मला बायकोमुलांचे सँटा मोनिकाच्या समुद्रावरचे फोटो दाखवत म्हणाला, "दोघांचंही छान झालं, नाही?" काय बोलणार? मान हलवली.

काही आठवड्यांनी चेक आला. त्यावर निर्मिती संस्थेचं नाव. याचं कुठेच नाही.

सांगलीला आईला फोन करून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग नव्या भाडेकरूकडून त्याने डिपॉझिट किती घेतलंय गं?"

मी जाहिरात पाहिली होती. २,८००.