तिसरी लेन

शनिवार, रात्री साडेदहा

महिनाअखेरीस निवृत्ती, म्हणून आज लॅबमधलं माझं सामान आवरायला घेतलं. उणे ऐंशीच्या फ्रीजरमधले खण दुपारीच मोकळे केले. मग टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला. त्यात खाकी लिफाफ्यात जुन्या एक्स-रे फिल्म निघाल्या. नमुन्यातली प्रथिनं जेलमध्ये वेगळी करून त्यांची छाप या फिल्मवर घ्यायची: एक उभी लेन म्हणजे एक नमुना, तिच्यातली गडद पट्टी, म्हणजे बँड, म्हणजे ते प्रथिन आहे.

पहिली फिल्म पीएचडीच्या पहिल्या वर्षाची. तोंडाच्या कॅन्सरच्या गाठींचे नमुने आणि पी-५३ नावाचं प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी. चौथ्या लेनमध्ये काळाभोर बँड, शाई सांडावी तसा. डार्करूमच्या लाल दिव्याखाली तो बँड वर येत गेला तेव्हा मी हरखून गेले होते. कॅन्सरला अडवणारं प्रथिन आणि एवढं भरभरून! ओली फिल्म तशीच टपटपत सरांकडे घेऊन गेले. त्यांनी ती खिडकीशी धरली आणि म्हणाले, "अगं, भरभरून दिसतंय हेच वाईट आहे."

धडधाकट पी-५३ पेशीत टिकतच नाही, वीसेक मिनिटांत निम्मं संपतं. ते एमडीएम-२ नावाचं प्रथिन बनवायला लावतं आणि तेच एमडीएम-२ त्याला मोडीत काढतं. डीएनएला इजा झाली की ही मोडतोड थांबते. मग पी-५३ साठतं आणि पेशीचं विभाजन रोखून धरतं. इजा भरून येण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतं. ३९३ अमिनो आम्लांची ही साखळी, पण १७५व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आलं तरी सगळं बिघडतं. बिघडलेल्या पी-५३ला एमडीएम-२ नीट बनवता येत नाही, म्हणून ते आपलं काम न करता साचत राहतं.

मी फार खजील झाले होते. तेव्हा सरांनी सांगितलं की या प्रथिनाच्या बाबतीत सगळं जगच दहा वर्षं फसलं होतं. १९७९मध्ये लंडनला डेव्हिड लेन आणि लायोनेल क्रॉफर्ड यांना, प्रिन्स्टनला आर्नल्ड लेव्हिन यांना ते एका विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेलं सापडलं आणि पुढे ते कॅन्सर घडवणारं ठरवलं गेलं. कारण प्रयोगांत वापरलेल्या त्या जनुकाच्या प्रतीच म्युटेशन झालेल्या, म्हणजे बिघडलेल्या होत्या. १९८९मध्ये लेव्हिन यांच्या लॅबने मूळ, निरोगी पी-५३ वापरून पाहिलं, तर ते उलट गाठीला रोखत होतं. त्याच वर्षी बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाला आतड्याच्या गाठींमध्ये या जनुकाची एक प्रत हरवलेली आणि दुसरी बिघडलेली दिसली. नावातला ५३ हा वजनाचा आकडासुद्धा बरोबर नाही, खरं वजन ४४ किलोडाल्टनच्याही (प्रथिनांच्या वजनाचं एकक) आत आहे. जेलमध्ये ते रेंगाळतं, म्हणून जड वाटतं एवढंच.

दुसरी फिल्म बघताना माझी विद्यार्थिनी शेजारी येऊन उभी राहिली. "मॅडम, तिसऱ्या लेनमध्ये सॅम्पल घालायचं राहिलं होतं का?" मी तिला खालची अ‍ॅक्टिनची पट्टी दाखवली; हे प्रथिन सगळ्याच पेशींत असतं. सगळ्या लेनमध्ये सारखीच गडद. सॅम्पल होतं, पी-५३ नव्हतं.

ती हेला पेशींची लेन. एका बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या गाठीतून १९५१मध्ये घेतलेल्या आणि तेव्हापासून लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या या पेशी. या पेशींमध्ये पी-५३चं जनुक शाबूत आहे, प्रथिन रोज बनतं. पण त्यांच्यात हा कॅन्सर घडवणारा एचपीव्ही-१८ विषाणू आहे आणि त्याचं ई-६ प्रथिन पी-५३ला धरून पेशीच्या कचराकुंडीत पाठवतं. शेजारच्या चौथ्या लेनमध्ये मी ती कचराकुंडी औषधाने बंद केली होती. तिथे बँड आहे. पुसट, पण आहे. आयुष्यात इतकं काही पाहिलं, तरी या पुसट बँडइतका आनंद क्वचितच झाला असेल.

माझी मावशी याच कॅन्सरने गेली. सोलापूर जिल्ह्यातलं गाव. पाळी जाऊन काही वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं, पण वर्षभर ती कुणाला बोलली नाही. गर्भाशयमुखाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये पी-५३चं जनुक धड असतं. म्हणजे तिच्याही पेशींत ते बनत असणार आणि मोडीत निघत असणार. हे मला पेपर वाचताना कळलं, तेव्हा ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या दिवशी पुढे काहीच वाचवलं नाही.

बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या जोडीने शेजारच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास केला. २००९मध्ये निकाल आला. ज्या गटात आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी झाली, तिथे आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ बायका गेल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. तो तक्ता मी वर्षानुवर्षं वर्गात दाखवत आले आणि दर वेळी त्या ६४पाशी माझा आवाज बसतो. परीक्षानळीत आम्ही जे शोधत होतो, ते त्या बायकांपर्यंत एका साध्या चाचणीच्या रूपाने पोचलं होतं. मावशीच्या गावात मात्र तेव्हा कुणी आलं नव्हतं.

फिल्म मी त्या मुलीला देऊन टाकली. कोपऱ्यात माझ्या पंचविशीतल्या अक्षरात नुसतं 'हेला' लिहिलेलं होतं. देण्याआधी त्याखाली पूर्ण नाव लिहिलं: हेन्रिएटा लॅक्स, १९५१.