मावशीची फाइल

मनगटाला प्लास्टर घातलेली ती पेशंट मला अस्थितज्ज्ञांनी पाठवली होती. वय ४१. बाथरूममध्ये पाय घसरला आणि ती हातावर पडली, एवढंच. इतक्याशा पडण्यानं या वयात हाड मोडू नये, म्हणून त्यांनी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घेतला. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे २.९ आला. हाडं ठिसूळ झाली होती.

"पाळी कधी गेली?" मी विचारलं.

"गेली नाही. ३६व्या वर्षी पिशवी काढली."

गाठींसाठी गर्भाशय काढलं, ते समजू शकते. पण डिस्चार्ज कार्डावर दोन्ही अंडाशयं काढल्याचीही नोंद होती, तीही निरोगी. 'पुढे कटकट नको' म्हणून काढली, असं तिला सांगण्यात आलं होतं. हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता राग आवरावा लागतो. अंडाशयं गेली की हाडं टिकवणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक एक-दोन दिवसांतच कोसळतं. त्याची भरपाई म्हणून तिला इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या होत्या. चार महिन्यांत त्या बंद झाल्या.

"का बंद केल्या?"

तिनं शेजारी पाहिलं. तिच्या मावशी एक जाड फाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साठीत त्यांनी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेनच्या एकत्र गोळ्या सुरू केल्या, सात वर्षं घेतल्या आणि मग स्तनाचा कर्करोग निघाला. त्या आता बऱ्या आहेत. "तिनं नाही, मी बंद करायला लावल्या," त्या म्हणाल्या.

त्यांची भीती पोकळ नव्हती. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'चा अभ्यास २००२ साली मध्येच थांबवला, तो याच एकत्र गोळ्यांचा. वर्षाला दर १०,००० स्त्रियांमध्ये स्तनाचे कर्करोग ३० होते, ते गोळ्या घेणाऱ्यांत ३८ झाले. पक्षाघात आणि फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या. खुब्याचे फ्रॅक्चर मात्र १५ वरून १० वर आले. या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. बातमीत आकडे आले, वय मागेच राहिलं.

माझ्यासमोर बसलेली बाई ४१ वर्षांची होती. पाळी आपोआप जाते ती साधारण पन्नाशीत. त्या वयापर्यंत तिच्या शरीरात जे असायलाच हवं होतं, तेच परत द्यायचं होतं. शिवाय प्रोजेस्टोजेन देतात ते गर्भाशयाच्या अस्तराच्या रक्षणासाठी; गर्भाशयच नसल्यामुळे त्याची गरज नव्हती, आणि त्याच अभ्यासातल्या नुसत्या इस्ट्रोजेनच्या गटात स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नव्हता. पक्षाघात वाढला होता. हेही मी तिला सांगितलं. धोका शून्य आहे असं मी कोणालाच सांगत नाही. पण काहीच न घेता काढलेल्या जवळजवळ पाच वर्षांची किंमत तिच्या मनगटावर दिसत होती, आणि हाडांसोबत हृदयाचीही काळजी होती.

हे सगळं ऐकून घेतल्यावर मावशींनी विचारलं, "म्हणजे मला झालं ते गोळ्यांमुळेच ना?"

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, "मावशी, त्या ३८ पैकी ३० जणींना गोळ्या न घेताही झाला असता. तुम्ही कोणत्या बाजूच्या, हे कोणीच सांगू शकत नाही. गोळ्यांनी धोका वाढला, एवढं खरं." त्यांना यापेक्षा धीराचं काहीतरी हवं होतं. माझ्याजवळ ते नव्हतं.

आधी मॅमोग्राफी करायची, रक्तदाब पाहायचा, मग त्वचेवर चिकटवायचा इस्ट्रोजेनचा पॅच सुरू करायचा असं ठरलं. गोळी यकृतातून जाते आणि गुठळीचा धोका वाढवते; त्वचेतून जाणाऱ्या इस्ट्रोजेननं तो वाढल्याचं दिसलेलं नाही. साधारण पन्नाशीपर्यंत चालू ठेवायचा, दरवर्षी पुन्हा विचार करायचा.

"पॅच लावायचा कुठे?" तिनं विचारलं.

"कमरेखाली. स्तनांजवळ नाही. आठवड्यातून दोनदा बदलायचा, दर वेळी जागाही बदलायची."

तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मावशींनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या फाइलच्या पाठीवर ते सगळं लिहून घेतलं.